दसऱ्याचं नागपूर: स्तूप, स्टॉल आणि संविधान चौक

दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी नागपूर गाठायचं असेल तर आरक्षणाच्या भरवशावर राहू नका. भुसावळ सुटेपर्यंत बर्थ तुमचा, पुढे तो सगळ्यांचा. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत डबा भरत जातो आणि वर्धा येईस्तोवर मुंगीलाही शिरायला जागा राहत नाही. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, गळ्यात निळे दुपट्टे, भाकऱ्यांची गाठोडी, झोपेत लोळणारी लेकरं. भांडणं होत नाहीत असं नाही, होतात. पण "सरका न जी थोडं" असं कुणी म्हटलं की दोन मिनिटांत भांडण संपून डबे उघडलेले असतात.

माझ्या बर्थवर अकोल्याला एक आजी येऊन बसली. वाशीमकडची. बसल्या बसल्या चौकशी सुरू.

"कोठून आले बाबू?"

"पुण्याहून."

"पुण्याहून? तिथंबी हाय का मंडळी?"

आहेत ना आजी, भरपूर आहेत, असं मी म्हटलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तिच्या लेखी खरी मंडळी वऱ्हाड-नागपूरची, बाकीचे नंतर आलेले. १९५६ साली, दीक्षेच्या वेळी, ती आईच्या कडेवर होती. आईने पायातल्या कड्या मोडल्या, त्या पैशात गाडीभाडं आणि पांढरं लुगडं केलं. नागपुरात म्हणे तेव्हा पांढरं कापड शिल्लकच राहिलं नव्हतं. "मले काई आठवत नाई," आजी म्हणाली, "पण मी होती." हे "मी होती" तिने वर्ध्यापर्यंत आजूबाजूच्या तिघा-चौघांना ऐकवलं, आणि दर वेळी ऐकणाऱ्याने मान खाली घालून "जय भीम आजी" म्हटलं.

स्टेशनवर मित्र घ्यायला आला होता. आम्ही कॉलेजात बरोबर होतो, तो पुढे नागपूरला परतून बँकेत लागला. "आधी खाऊन घे, मग गर्दीत शीर," म्हणत त्याने एका टपरीपुढे गाडी लावली. तर्री-पोहे. पुण्यात पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते, इथे हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि वर कच्चा चिवडा. सकाळी सातला नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा नाश्ता मला अजून पेलत नाही, पण नागपूरकराला हे सांगून उपयोग नसतो.

राहाटे कॉलनीच्या बाजूने दीक्षाभूमीकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंडप: कुठे पुरी-भाजी, कुठे मसालेभात, कुठे पाणी, कुठे डॉक्टर बसलेले. बँकांच्या कर्मचारी संघटना, रेल्वेवाले, वस्त्यांमधली मंडळं, सगळ्यांचे आपापले फलक. वाढणारी पोरं अक्षरशः हात धरून पत्रावळ देतात. नको म्हणालात तर त्यांना वाईट वाटतं.

आज ज्याला आपण दीक्षाभूमी म्हणतो ते १९५६ साली व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मोकळं मैदान होतं. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. कुशीनाऱ्याचे भिक्खू चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं. पुढचा भाग मला नेहमीच जास्त महत्त्वाचा वाटत आला आहे. समोरच्या लाखो लोकांना दीक्षा भिक्खूंनी दिली नाही, बाबासाहेबांनी स्वतः उभं राहून दिली. काल-परवापर्यंत कायदामंत्री राहिलेला, सूटबूट घालणारा एक गृहस्थ लाखोंना धर्म देतो, ही गोष्ट परंपरेच्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हती. त्यांना त्याची फिकीरही नव्हती. बरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या: कोणते देव मानणार नाही इथपासून चोरी, खोटं, दारू इथपर्यंत. त्या आता आवारात एका स्तंभावर कोरलेल्या आहेत आणि लोक त्या मोठ्याने वाचतात. एका बापाने पोराला दारूच्या प्रतिज्ञेवर बोट ठेवून वाचायला लावलं. पोरगं वाचून झाल्यावर बापाकडे बघत राहिलं. बायको हसली. बाप म्हणाला, "चाल पुढं."

पण नागपूरच का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. दसऱ्याच्या त्याच दिवशी याच शहरात रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो, संघाची स्थापनाही १९२५ च्या दसऱ्याची, तेव्हा लोकांनी जो अर्थ लावायचा तो लावलाच. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो सरळ फेटाळला. संघाचं ठाणं आहे म्हणून आम्ही इथे आलो नाही. बुद्धाचा धम्म भारतभर पसरवला तो नाग लोकांनी, त्यांची वस्ती या भागात होती, ही नाग नदी त्यांची, असं त्यांनी सांगितलं.

इतिहासकार म्हणून त्यांनी दिलेलं कारण ते. पण मित्राच्या घरी दुसरं एक कारण भिंतीवर टांगलेलं होतं. त्याच्या आजोबांचा फोटो. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी. त्या जागी आता मॉल आहे, पण एके काळी तिच्या भोंग्यावर अर्धं नागपूर उठायचं. गिरणीमुळे इथल्या महार समाजाच्या हातात गावगाड्याबाहेरचा रोख पगार आला. पगार आला म्हणून वर्गणी निघाली, वर्गणी निघाली म्हणून शाळा, वसतिगृहं, वर्तमानपत्रं आणि परिषदा निघाल्या. किसन फागुजी बनसोडे बाबासाहेबांच्या कितीतरी आधीपासून इथे लिहीत-बोलत होते. जाईबाई चौधरींनी १९२२ साली चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९२० साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली ती नागपुरात, तेव्हा बाबासाहेब २९ वर्षांचे. १९३० ची परिषद नागपुरात, अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या पक्षाची स्थापना झाली तीही इथेच, आणि त्याच मांडवात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची वेगळी परिषद झाली. समाजाची प्रगती मी बायकांनी केलेल्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांचं सतत उद्धृत होणारं वाक्य या परिषदेतलं आहे. तेव्हा १९५६ चं मैदान आकाशातून पडलेलं नाही. निदान तीन पिढ्या तिथे आधीच येऊन बसल्या होत्या.

स्तूपाविषयी थोडक्यात. वास्तुविशारद शिवदान मल, बांधकामाला सुरुवात १९७८, उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. उंची १२० फूट. बाहेरून सांचीची आठवण येते, चारी दिशांना तोरणं आहेत, पण सांचीचा स्तूप भरीव आणि हा आतून पोकळ. आत गोल सभागृह, मधोमध बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या अस्थी. शेजारी बोधिवृक्ष, भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेच्या अनुराधापुराहून आणलेल्या रोपांचा. दसऱ्याच्या दिवशी आत जायची रांग एवढी असते की आम्ही ती पाहूनच परतलो आणि दोन दिवसांनी निवांत गेलो. तुम्हीही तेच करा. रिकाम्या घुमटाखाली बोललेलं फिरून कानावर येतं, ते गर्दीत कळत नाही.

२०२४ साली इथे भूमिगत पार्किंगचं काम सुरू झालं होतं, लोकांनी विरोध केला आणि ते थांबवावं लागलं. त्या विरोधाच्या पद्धतीबद्दल मित्राच्या घरात अजून दोन तट आहेत. जेवताना विषय काढू नये हे मला पहिल्याच रात्री कळलं.

आता स्टॉल. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो इथे. पुस्तकांचे स्टॉल शेकड्यांनी. मध्ये मध्ये लॉकेट, फोटोफ्रेम, पंचशील ध्वज, बुद्धमूर्ती, भीमगीतांचे पेनड्राइव्ह, एकाच वेळी चार कर्णे चार गाणी वाजवत असतात. सोनेरी मुलामा दिलेल्या अंगठ्या मला आवडल्या नाहीत. पण गर्दी कुठे आहे ते पाहायचं असेल तर अंगठ्यांकडे नव्हे, शासकीय मुद्रणालयाच्या स्टॉलकडे बघा. राज्य शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढत आलं आहे. ते खंड एरवी मिळायची मारामार. तिथे रांग लागलेली असते, आणि रांगेतले लोक प्राध्यापक वगैरे नसतात.

माझ्या पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. यवतमाळ जिल्ह्यातून आलेले, पायात प्लास्टिकची चप्पल, हातात वहीचं फाडलेलं पान. पानावर आकडे लिहिलेले, काहींवर काट मारलेली. गावच्या विहारासाठी दरसाल वर्गणीतून जमतील तेवढे खंड नेतात. काट मारलेले आकडे म्हणजे आणून झालेले.

"अठराव्याचा तिसरा भाग भेटून नाई राह्यला," ते म्हणाले. "दोन नेले. तिसऱ्यातच तं दीक्षेचं भाषण हाय."

अठराव्या खंडाचे तीन भाग बाबासाहेबांच्या मराठी भाषणांचे आहेत. त्यांची पाळी आली तेव्हा तिसरा भाग मिळाला. पैसे देण्याआधी त्यांनी पुस्तक उभं धरलं, मधोमध उघडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी पुठ्ठे मागे दाबून शिवणीच्या फटीत डोकावले. मग एक फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांची जुडी, धरून हलकेच ओढून पाहिला. दुकानदार वैतागला. "काका, सरकारी बांधणी हाय, काई होत नाई." काका म्हणाले, "सरकारी हाय म्हणूनच पाह्यतो. आमच्याकडं एक पुस्तक साठ जण वाचतेत." डिंकावर चिकटवलेलं असेल तर पहिल्या पावसाळ्यातच पानं सुटतात, मग पोरं पानं घरी नेतात आणि परत आणत नाहीत, असं त्यांनी मला समजावलं. मागच्या साली अर्धं पुस्तक असंच गेलं होतं.

देशाचा पाया घालणाऱ्या माणसांची स्मारकं मी बरीच पाहिली आहेत. सगळीकडे साधारण तोच सरंजाम: पुतळा, हिरवळ, "हात लावू नये"ची पाटी, आणि बाहेर पडताना किचेन विकणारं दुकान. पुण्यतिथीला हार, जयंतीला सुट्टी. त्या माणसाने लिहिलेलं काही आपण वाचावं अशी अपेक्षा तिथे कुणी ठेवत नाही. इथे माणूस शिवण तपासून घेतो, कारण पुस्तक झिजणार आहे हे त्याला ठाऊक असतं.

हे मी मित्राला सांगितलं आणि वर माझी शंकाही घातली. पलीकडच्याच स्टॉलवर एक बाई फोटोला डोकं टेकवत होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेब काय म्हणाले होते? धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. मग हे काय? मित्राला हा प्रश्न बाहेरगावच्या प्रत्येक पाहुण्याकडून ऐकायची सवय असावी. म्हणाला, "पाया पडणारी वाचत नाही असं तुला कोण बोललं? तिच्या पिशवीत बघ." पिशवीत मी काही डोकावलो नाही. पण त्याचं उत्तर मला अर्धंच पटलं, अजूनही अर्धंच पटतं. अंगठ्या घेणारेही होते, आणि त्यांच्या पिशव्या मला मोकळ्या दिसत होत्या.

संध्याकाळी मित्राच्या वडिलांनी यात आणखी एक भर घातली. मूळचे भंडाऱ्याचे. "भक्तीचं काय सांगता," ते म्हणाले, "आमच्या भंडाऱ्यात १९५४ ला बाबासाहेब पडले होते." खरं आहे. १९५२ ला मुंबईत हरल्यावर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले आणि तिथेही काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांना हरवलं. ज्या मुलखाने त्यांना लोकसभेत पाठवलं नाही, त्याच मुलखातून अडीच वर्षांनी माणसं कड्या मोडून दीक्षेला आली. मतपेटीतला हिशेब आणि मैदानातला हिशेब यांचा मेळ कसा लावायचा, हे मित्राच्या वडिलांना सत्तर वर्षांनीही सुटलेलं नाही. त्यांनी खांदे उडवले आणि सुपारी कातरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीताबर्डीवरून एक चक्कर मारली. दीक्षेच्या वेळी बाबासाहेब इथल्या श्याम हॉटेलात उतरले होते. बर्डीवर फार वेळ थांबण्यासारखं काही नाही, खरेदी सोडली तर. तिथून मोटारसायकलवर काटोल रस्त्याला चिचोली. रस्त्याने संत्र्यांच्या बागा, आंबिया बहार झाडावर, फळं अजून हिरवी.

चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. दीक्षा सोहळ्याच्या तयारीत पुढे असलेले वामनराव गोडबोले यांनी त्या जमवल्या आणि जपल्या. बाबासाहेबांचे दिल्लीतले सहायक नानकचंद रत्तू यांच्याकडून बऱ्याच वस्तू आल्या. दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, त्यातले इथवर फार थोडे पोचतात. आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघं आणि मूर्तिजापूरहून आलेलं एक कुटुंब, बस्स. काचेआड कोट, टोप्या, काठी. कोट पाहून पहिल्यांदा लक्षात येतं ते माप. खांदे चांगले रुंद. पुतळ्यांमधले बाबासाहेब सगळे एकाच मापाचे, एकाच निळ्या सुटातले, त्यामुळे हा माणूस प्रत्यक्षात केवढा असेल याचा अंदाजच राहत नाही. जुनं कापड किती नाजूक होतं ते बाहीच्या कडेला दिसतं. उभं-आडवं सूत वेगवेगळं मोजता येईल इतकं विरलेलं.

आणि टंकयंत्र. काळं, बसकं, गोल कळांचं. राज्यघटनेचा मसुदा यावरच टाइप झाला, असं सांगतात. मूर्तिजापूरच्या कुटुंबातली नववी-दहावीतली मुलगी त्यापुढे उभी राहून बोटं हवेत हलवत होती, कळा दाबल्यासारखी. मग तिने वडिलांना विचारलं, एवढी मोठी घटना एकट्याने टाइप केली? वडील म्हणाले, हो. मला राहवलं नाही. बाबासाहेबांनीच त्या २५ नोव्हेंबरच्या भाषणात बाकीच्यांचं श्रेय मोकळेपणी दिलं आहे: पहिला कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव, मसुदा समितीतले सदस्य, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी आणि त्यांच्या हाताखालचे लोक, जे मध्यरात्रीपर्यंत राबले. वडिलांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. हा कोण बाबासाहेबांचं श्रेय वाटून टाकायला आला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मुलीने मात्र फोन काढला आणि विचारलं, "काका, बी. एन. काय?" मी आडनाव पुन्हा सांगितलं. तिने टिपून घेतलं.

कामठीला जायचं तर सीताबर्डीहून मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौक, पुढे ऑटो. मेट्रो गड्डीगोदामजवळ रेल्वेच्या वरून, उड्डाणपुलाच्याही वरून जाते; खिडकीची जागा धरा. पुढे इंदोरा लागतं, आंबेडकरी नागपूरचा बालेकिल्ला. कामठीतलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर बहुतेकांच्या यादीत असतं. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने बांधलेलं, १९९९ मध्ये खुलं झालेलं, पांढरंशुभ्र, लख्ख, शांत. फोटो चांगले येतात. मी तिथे अर्ध्या तासावर रमलो नाही.

मला जायचं होतं कन्हान नदीकाठी बाबू हरदास यांच्या समाधीवर. हरदास लक्ष्मणराव नगराळे, कामठीचे, जन्म १९०४. रात्रशाळा चालवल्या, विडी कामगारांना संघटित केलं, १९३७ साली मध्य प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत क्षयाने गेले. वय ३५. आज कोट्यवधी माणसं एकमेकांना भेटताना "जय भीम" म्हणतात, ती पद्धत या माणसाने घातली. आपल्या माणसांनी वरच्या जातीपुढे "जोहार" घालत वाकायचं नाही, एकमेकांना बरोबरीने अभिवादन करायचं, म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना त्यांनी शिकवलं: एकाने "जय भीम" म्हणावं, दुसऱ्याने "बल भीम". दुसरं मागे पडलं, पहिलं राहिलं. म्हणजे बाबासाहेब हयात असताना, घटनेच्या कितीतरी आधी, त्यांचं नाव लोकांच्या रोजच्या बोलण्यात शिरलं ते कामठीच्या एका विशी-तिशीतल्या पोराच्या डोक्यातून. भक्तीविरुद्ध एवढं बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचा हा जयघोष कसा वाटत असेल, असा विचार समाधीपाशी आला खरा. पण वरच्या जातीतल्या कुणाला "जोहार मायबाप" म्हणण्यापेक्षा हे बरंच, एवढं त्यांनाही मान्य झालं असावं. रखवालदाराला मी हात जोडून "नमस्कार" म्हटलं तर तो "जय भीम" म्हणाला, आणि परतताना मीही तेच म्हटलं.

परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून शेवटच्या दुपारी झिरो माइलपासून चालत संविधान चौकात आलो. झिरो माइलचा चार घोड्यांचा खांब इंग्रजांच्या मोजणीखात्याचा. त्यापुढे सेल्फी काढणारे असतात. संविधान चौक जवळच. याचं जुनं नाव आरबीआय चौक, कारण समोर रिझर्व्ह बँकेची इमारत. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली असं इथले रिक्षावाले ठासून सांगतात. ते अतिशयोक्त आहे, पण १९३५ मध्ये बँक निघण्याआधी ज्या हिल्टन यंग आयोगाने तिची शिफारस केली, त्याच्यापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली होती, तेव्हा अगदीच वाऱ्यावरचंही नाही. पलीकडे विधान भवन. चौकात बाबासाहेबांचा पुतळा.

आणि पुतळ्यापुढे आंदोलन. नागपुरात काहीही मागायचं असो, सुरुवात इथूनच. पक्ष कुठलाही, मागणी कुठलीही: आधी पुतळ्याला हार, मग घोषणा. मला यात गंमत वाटते, कारण २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी असंही म्हटलं होतं की घटनेचे मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे सोडून द्यायला हवेत. ते सगळं अराजकाचं व्याकरण आहे. महाडचं तळं आणि काळारामाचं दार ज्याने सत्याग्रहानेच ठोठावलं, त्याने हे म्हणावं, आणि त्याच्याच पुतळ्याखाली रोज एक तरी मांडव पडावा.

त्या दिवशी अंगणवाडीच्या बायका बसल्या होत्या. मानधन, निवृत्तीनंतरचे पैसे, मोबाइलवर भरायची माहिती, अशा मागण्या एका कापडावर हाताने लिहिलेल्या. माईक नव्हता. एक मावशी निवेदनाच्या कागदावरून मोठ्याने वाचत होत्या, कलमांचे आकडे न अडखळता घेत होत्या: चौदा, सोळा, एकोणचाळीस घ. समान कामाला समान वेतन. मी जवळ जाऊन विचारलं, हे कलम कुणी काढून दिलं? युनियनचा वकील असेल असं मला वाटलं होतं.

"वकील कशाला लागते? घरी पुस्तक हाय न," मावशी म्हणाल्या. "दसऱ्याले घेतलं. तुम्ही कुठचे?"

पुण्याचे.

"गाडी कितीची?"

रात्रीची, मी म्हटलं.

"मंग बसा न जी घंटाभर. आज मंडळी कमी हाय, फोटोवाला येऊन राह्यला."

मी सतरंजीच्या टोकाला बसलो. फोटोवाला चाळीस मिनिटांनी आला.